मध्यम पातळीची भाषा आणि डॉक्टरांचा कान

‘झे माल ओ कर’ असे फ्रेंचभाषक रुग्ण म्हणाला, तर नुकतीच ती भाषा शिकलेला डॉक्टर तत्काळ ईसीजी काढावयास सांगेल. शब्दशः अर्थ ‘माझे हृदय दुखते’ असाच होतो. प्रत्यक्षात रुग्णाला केवळ मळमळत असते. उलट ‘आंझिन’ ऐकून आपल्याला अंजायना आठवावा, तर फ्रेंचमध्ये तो शब्द घशाच्या दाहाचा! हृदयविकाराचा अंजायना सांगताना त्याला ‘द प्वात्रिन’, म्हणजे ‘छातीचा’, अशी पुस्ती जोडावी लागते.

आपल्या हैदराबादच्या मराठी डॉक्टर मंडळींतील काही तरुण आज वेगाने फ्रेंच शिकू पाहतात. त्यांचा हेतू स्तुत्य आहे. १९७१ मध्ये पॅरिसला स्थापन झालेली आणि १९९९ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळविणारी ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’ ही संस्था चाड, काँगो, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक अशा देशांत काम करते. तेथे फ्रेंच येणारा डॉक्टर फार मोलाचा ठरतो.

युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकटीत भाषेच्या सहा पायऱ्या आहेत. त्यांतील मध्यम पातळीची पहिली पायरी, ‘बी-१’, गाठण्यास साधारणतः साडेतीनशे ते चारशे तास लागतात, असे मानले जाते. आठवड्याला वीस तास दिल्यास हे चार-पाच महिन्यांचे काम आहे. मराठी माणसाला काही गोष्टी सुलभही जातात. ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतील अंतर त्याला शिकवावे लागत नाही. निर्जीव वस्तूंनाही लिंग असते, याचे त्याला नवल वाटत नाही. ऐंशीला ‘चार वीस’ म्हणणारी फ्रेंच गणना ऐकून विसाच्या हिशोबाने मोजणारे आपले वाडवडील आठवतात.

खरी कसोटी लागते ती कानाची. यकृत म्हणजे ‘फ्वा’, श्रद्धा म्हणजेही ‘फ्वा’ आणि औषध दिवसातून तीन ‘वेळा’ घ्यावयाचे, तेथेही ‘फ्वा’च! लेखनात हे तीन शब्द भिन्न आहेत, उच्चारात एकच. म्हणून जलद अभ्यासक्रमात व्याकरणाची कोष्टके पाठ करण्यापेक्षा निम्मा वेळ केवळ ऐकण्यास द्यावा, असे मला वाटते. १८१६ मध्ये पॅरिसमध्येच स्टेथोस्कोप घडविणाऱ्या लेनेकच्या व्यवसायबंधूंना हे वेगळे सांगावयास नको.

माझे मुख्य म्हणणे मात्र पुढेच आहे. नवशिक्याला आपले अज्ञान ठाऊक असते, म्हणून तो दुभाषी शोधतो. मध्यम पातळी गाठलेल्याला सर्व कळल्यासारखे वाटते आणि तो विचारणेच सोडून देतो. डॉक्टरच्या बाबतीत हा आत्मविश्वास रुग्णाला महाग पडू शकतो.

हा धोका समजण्यासाठी आफ्रिकेला जाण्याची गरज नाही. आपल्या बाह्यरुग्ण विभागात तेलुगूभाषक आजी ‘कळ्ळु तिरुगुतुन्नायि’ म्हणतात. मराठी मन त्याचे भाषांतर ‘डोळे फिरताहेत’ असे करते आणि क्षणभर दचकते. आजींना मात्र फक्त चक्कर येत असते. या शहरात वर्षानुवर्षे राहूनही आपल्यापैकी अनेकांची तेलुगू त्या मध्यम पायरीवरच थांबली आहे, हे प्रांजळपणे मान्य करावयास हवे.

तेव्हा फ्रेंच अवश्य शिकावी, झपाट्याने शिकावी. मध्यम पातळीच्या भाषेने रुग्णाची विचारपूस करावी, त्याचे भय कमी करावे. परंतु शस्त्रक्रियेची संमती घेताना व औषधाची मात्रा सांगताना दुभाषी सोबत असावा, आणि ‘मी सांगितले ते आपल्या शब्दांत सांगा’ अशी रुग्णाला विनंती करावी. ही सवय फ्रेंच वर्गात लागली, तर तिचा पहिला लाभ आपल्या तेलुगू रुग्णांनाच होईल.