शाल, श्रीफळ आणि गुडघा



माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. त्यामुळे मराठी लिहिताना काही चुकले तर पदरात घ्यावे. पण आजचा विषय भाषेचा नाही, माझ्या मनाला लागलेल्या एका गोष्टीचा आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेचा एक मुलगा राज्य पातळीवर कबड्डी खेळला. स्नेहसंमेलनात आम्ही त्याला शाल-श्रीफळ दिले. पुढच्या वर्षी प्रवेशाच्या माहितीपत्रकावर त्याचा फोटो छापला. त्याच वर्षी सरावात त्याचा गुडघा दुखावला. शस्त्रक्रियेसाठी त्याच्या आईने बांगड्या मोडल्या. शाळेने काय दिले? रजा मंजूर केली. त्या अर्जावर सही माझीच होती.

अमेरिकेत हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तिथल्या विद्यापीठांचे फुटबॉल सामने म्हणजे कोट्यवधी डॉलरची उलाढाल. (हा फुटबॉल आपल्यापेक्षा वेगळा, चेंडू हातात घेऊन पळण्याचा.) प्रशिक्षक श्रीमंत झाले, पण खेळणाऱ्या विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीपलीकडे काही घेण्याची मनाई होती. २०२१ पासून त्यांना स्वतःच्या नावावर व छायाचित्रावर कमाई करता येऊ लागली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. आता तिथे वेगळीच काळजी आहे : सगळा पैसा फुटबॉलकडे गेला तर पोहणे, कुस्ती अशा खेळांचे काय?

आपल्या शाळेला सामन्यातून एक रुपयाही मिळत नाही. म्हणून मुलांना पगार द्यावा, असे मी म्हणणार नाही. पण मुलाच्या फोटोवर शाळेचे नाव मोठे होत असेल, तर त्याच्या गुडघ्याची जबाबदारीही शाळेची आहे.

मराठी माणसाला हा धडा नवीन नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला निघाले तेव्हा पैशाची अडचण होती. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर कुस्त्या जिंकून त्या पैशातून त्यांनी गुरूचे घर सोडवले. पैशाने खेळाडू बिघडतो म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी. मी खर्डेकरांच्याच पेशातला आहे. घर गहाण ठेवण्याइतके धैर्य माझ्यात नाही, हे मान्य करतो.

आपल्या हैदराबादचेही उदाहरण आहे. सय्यद अब्दुल रहीम मुळात शिक्षक. त्यांच्या मार्गदर्शनाखाली हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा रोव्हर्स कप जिंकला आणि भारताने १९६२ मध्ये जकार्ताला आशियाई सुवर्णपदक मिळवले. त्या काळी पोलिसातली नोकरी हाच खेळाडूचा आधार होता. अलीकडे हैदराबाद एफसी २०२२ मध्ये इंडियन सुपर लीगचा विजेता ठरला. पुढे खेळाडूंचे पगार थकल्याच्या बातम्या आल्या आणि २०२५ मध्ये संघ दिल्लीला गेला. म्हणून विद्यार्थ्यांनो, खेळा जरूर, पण शिक्षण सोडू नका.

'खेलो इंडिया'त निवड झालेल्या खेळाडूला महिना १०,००० रुपये हातखर्च मिळतो. पण निवड होईपर्यंत त्या मुलाच्या दुधा-अंड्याचे कोण बघणार?

विश्वस्त मंडळापुढे माझे तीन प्रस्ताव आहेत. शाळेच्या संघातील प्रत्येक मुला-मुलीचा अपघात विमा. सरावाच्या दिवशी खाणे आणि सामन्यांचे प्रवासभाडे. बुडालेल्या तासांची शिकवणी शाळेतच, विनाशुल्क. रोख रक्कम कोणाच्या हाती द्यायची नाही, आणि सर्व खेळांना सारखा न्याय.

काही पालक विचारतील, आमच्या फीमधून दुसऱ्याच्या मुलाला का? दहावीत पहिल्या येणाऱ्याला आपण देणगीतून बक्षीस देतोच. त्याला कोणी पगार म्हणत नाही. हा निधीही देणगीतूनच उभा राहावा. सुरुवात म्हणून माझा एक महिन्याचा पगार मी देत आहे.

आणि जोपर्यंत हा निधी होत नाही, तोपर्यंत माहितीपत्रकावर कोणत्याही खेळाडूचा फोटो छापू नये, अशी माझी नम्र विनंती आहे.

आपला,
मुख्याध्यापक