प्रिंटएफचा भार
डेनिस रिची यांनी सी भाषा वाढवली ती पीडीपी-११ या १६ बिटांच्या यंत्रावर. १९८२ च्या कमोडोर ६४ या घरगुती संगणकाला ती थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखी ढगळ होते. त्यातल्या प्रोसेसरचा स्टॅक जेमतेम २५६ बाइटांचा, आणि गुणाकाराची सूचनाच नाही. म्हणून सीसी६५ हा कंपायलर सीच्या आर्ग्युमेंट्ससाठी मेमरीत वेगळा स्टॅक मांडतो. मेमरी मागणारे मॅलॉक, फाइली, स्ट्रिंगची फंक्शने तो देतो, पण फ्लोट, म्हणजे अपूर्णांक, नाही. साहजिकच प्रमाण सीमधली वर्गमूळ आणि साइनची फंक्शनेही नाहीत. गंमत अशी, की त्याच यंत्राच्या रॉममधल्या बेसिकला अपूर्णांक सहज जमतात! खरी गोम प्रिंटएफ या छपाईच्या फंक्शनची. साधा ‘नमस्कार’ छापायला त्याला बोलावले, तरी आकडे, रुंदी, हेक्स हाताळणारा सगळा कोड मागोमाग येतो. कारण फॉरमॅट वाचला जातो प्रोग्राम चालताना, आणि त्यातले काय लागणार हे कोड जोडणाऱ्या लिंकरला आधी कळत नाही. तिथे नुसता मजकूर छापणाऱ्या पुट्सवर भागवणेच शहाणपणाचे. याला कुणी अपंग सी म्हणेल. मला ती प्रामाणिक वाटते. प्रत्येक सोयीची किंमत बाइटांत मोजायला लावणारा असा मास्तर आजच्या गिगाबाइटवाल्यांना मिळत नाही.