आजीची बोली लपवू नका

परवा साताऱ्याच्या बाजारात कैकाडी समाजाच्या एक आजी टोपल्या, डालगी घेऊन बसल्या होत्या. शेजारी आठ-नऊ वर्षांचा नातू. दोघं घरच्या बोलीत काहीतरी बोलत होते. मी जवळ जाताच आजी एकदम थांबल्या आणि पोराशी मराठीत बोलू लागल्या. मी विचारलं, "आजी, गप का झालात?" त्या म्हणाल्या, "ताई, आमचं बोलनं कानावर पडलं की लोकं संशय घेत्यात. म्हनत्यात, चोरांची भाषा."

भगिनींनो, कैकाडी ही चोरांची भाषा नाही. ती तमिळ-तेलुगूच्या कुळातली, म्हणजे द्राविडी भाषा आहे. इंग्रज सरकारने ग्रिअर्सनसाहेबांकडून हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी करून घेतली. तिच्या १९०६ सालच्या चौथ्या खंडात कैकाडीची नोंद आहे. एकीकडे त्या सरकारने त्यांची भाषा वहीत उतरवून घेतली आणि दुसरीकडे कायद्याचा आधार घेऊन जन्माला आलेल्या मुलालाही गुन्हेगार जमातीत धरलं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड माणसं डांबली, रोज हजेरी घेतली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. लोकांच्या मनातला संशय मात्र गेला नाही. म्हणून आजी आजही दबून बोलतात.

असंच साता समुद्रापलीकडे घडलं आहे. अमेरिकेत लाकोटा नावाचे आदिवासी आहेत. १८७९ साली कार्लाईल गावी सरकारी वसतिगृहाची शाळा निघाली आणि लाकोटांची मुलं आईबापांपासून शेकडो कोस दूर तिथे नेली. त्यांचे लांब केस कापले, नावं बदलली आणि आपली भाषा बोलायला बंदी केली. बोललं की शिक्षा. अशा शाळांतून शिकलेली मुलं पुढे आईबाप झाली, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी आपल्या लेकरांना ती भाषा शिकवलीच नाही. आपण सोसलं ते लेकरांनी सोसू नये, एवढीच त्यामागची माया. पण त्या मायेनेच भाषा आटली. १९९० साली अमेरिकन सरकारने कायदा करून आदिवासींच्या भाषांचा हक्क मान्य केला. आता लाकोटांच्या वस्तीतल्या शाळांतून ती शिकवतात. पण लहानपणापासून ती बोलत आलेली माणसं थोडी उरली आहेत आणि त्यांत बहुतेक म्हातारीच. आईच्या मांडीवर फुकट मिळणारी गोष्ट आता फळ्यावरून शिकावी लागते.

हे आपल्याला का सांगायचं? बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिलं नाही, फारसी घ्यावी लागली, हे आपल्या घरात पोरासोरांना ठाऊक आहे. आपल्या माणसाला दुसऱ्याची भाषा शिकू दिली नाही. कैकाड्याला तर स्वतःचीच बोलण्याची चोरी झाली. दोन्ही अपमान एकाच घरचे. मग आपल्या वस्तीतली मुलं कैकाडी, पारधी पोरांच्या बोलण्याला हसतात, तेव्हा आपण गप्प बसायचं का?

आपल्याच फलटण भागातल्या लक्ष्मण माने यांनी 'उपरा' हे आत्मकथन १९८० साली लिहिलं. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पण जगाने ऐकावं म्हणून त्यांना ते मराठीतच लिहावं लागलं. कैकाडीला स्वतःची लिपी नाही. तरी त्याने अडत नाही. आपली बाळबोध अक्षरं आहेत की. शाळेत जाणाऱ्या नातवाने आजीजवळ बसून रोज पाच शब्द वहीत उतरवले, तरी वर्षाकाठी पावणेदोन हजारांवर शब्द होतील. आणि हे कैकाड्यांपुरतंच नाही. तुमच्या आईचे जात्यावरचे, रानातले शब्दही 'गावंढळ' म्हणून टाकू नका.

मी एक डालगं घेतलं आणि पोराला विचारलं, "तुमच्यात याला काय म्हणतात रे?" त्याने आधी आजीकडे पाहिलं. आजीने मान हलवली, तेव्हा त्याने शब्द सांगितला. मला तो नीट म्हणता येईना. पोरगं खळखळून हसलं आणि त्याने तो पुन्हा सांगितला, या वेळी मोठ्याने.