देवकीच्या लेकराला शिक्षा कशाची?

कंसाच्या बंदिशाळेत जन्मलेल्या बाळाचा उत्सव हिंदू समाज दरवर्षी गोकुळाष्टमीला थाटात साजरा करतो. पाळणे हलतात, दहीहंड्या फुटतात. परंतु त्या काळरात्री बेड्यांत असलेल्या देवकीचे स्मरण किती जणांना होते? आजही एखादी माता तान्ह्या मुलाला छातीशी धरून कारागृहात दिवस कंठते, तेव्हा तिची विचारपूस कोण करतो? संत जनाबाईंच्या गंगाखेडचा वारसा मिरविणाऱ्या परभणी जिल्ह्याने तरी या प्रश्नाकडे पाठ फिरवू नये.

आईने गुन्हा केला असेल, तर न्यायालय तिला शिक्षा देईल. त्याबद्दल कोणाची तक्रार नाही. पण लेकराचा अपराध कोणता? आर. डी. उपाध्याय विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात 13 एप्रिल 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट शब्दांत बजावले आहे. आईसोबत राहणारे मूल कैदी नव्हे. सहा वर्षांपर्यंत ते आईजवळ राहू शकते. त्याला आहार, औषधोपचार, पाळणाघर व शिक्षण मिळालेच पाहिजे. प्रसूती शक्यतो कारागृहाबाहेरील रुग्णालयात व्हावी आणि जन्माच्या दाखल्यावर कारागृहाचे नाव येऊ नये, असेही न्यायालयाने सांगितले. जन्मतःच कपाळावर कलंक नको, हा त्यामागील विवेक. निवाडा निःसंशय उत्तम. पण निवाडे कपाटात ठेवण्यासाठी नसतात!

या देशातील राज्यकर्त्यांना तुरुंग अपरिचित नव्हता. 1975च्या आणीबाणीत राजमाता विजयाराजे शिंदे यांना तिहारमध्ये डांबण्यात आले. मृणाल गोरे यांनीही कारावास भोगला. दम्याने जर्जर झालेल्या स्नेहलता रेड्डी बंगळुरूच्या तुरुंगातून सुटल्या आणि अवघ्या काही दिवसांत, 20 जानेवारी 1977 रोजी, त्यांनी प्राण सोडला. त्याही माता होत्या. गजाआडचे दुःख अनुभवलेली ती पिढी पुढे सत्तेवर आली. तरीही इंग्रजांचा 1894चा कारागृह कायदा शतकाहून अधिक काळ चालूच राहिला. केंद्राने आदर्श कारागृह कायदा राज्यांकडे पाठविला, तो 2023 मध्ये. एवढा विलंब कोणत्याच पक्षाला भूषणावह नाही.

मानवाधिकाराचा जप करणाऱ्यांचीही तऱ्हा न्यारी. नामवंत आरोपीसाठी पत्रके निघतात, परिसंवाद झडतात, परदेशांतून सह्या गोळा होतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातील एखादी निरक्षर माता आत असेल, तर मात्र या मंडळींचा कंठ फुटत नाही. तिच्या नावाने प्रसिद्धी मिळत नाही, हेच त्याचे कारण नव्हे काय?

अशा मातेची कोंडी पुष्कळदा गुन्ह्यापेक्षा गरिबीमुळे होते. जामीन मंजूर होतो, पण जामीनदार कुठून आणायचा? सातबारा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. सासरने पाठ फिरविलेली, माहेर दुबळे. ऐपतीचा दाखला तिला कोण देणार? यावर उपाय नाहीत असे नाही. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 31 जानेवारी 2023चा आदेश आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479नुसार प्रथमच आरोपी झालेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, की अधीक्षकानेच न्यायालयाकडे अर्ज करायचा आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले एवढाच अपवाद. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी केंद्राची अर्थसाहाय्य योजनाही 2023 पासून आहे.

मग अडते कुठे? कागद आणि माता यांच्यामध्ये उभा राहणारा माणूसच नाही, तेथे! तो माणूस समाजाने द्यायचा आहे. परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी येथील वकिलांनी दरमहा एक दिवस कच्च्या महिला कैद्यांच्या कागदपत्रांसाठी द्यावा. महिला मंडळांनी अधीक्षकांची रीतसर परवानगी घेऊन लेकरांच्या दुधाची, पाटीपुस्तकांची चौकशी करावी. विचाराधीन कैदी आढावा समितीच्या बैठकीत किती माता सुटल्या, हे पत्रकारांनी विचारावे.

वसुदेवाने भर पावसात यमुना ओलांडून बाळाला गोकुळात पोहोचविले आणि तेथे यशोदेने त्याला पदराखाली घेतले. मातृशक्तीच्या घोषणा देणाऱ्या समाजात आज वसुदेव किती आणि यशोदा किती, याचा हिशेब येत्या अष्टमीपूर्वी झालाच पाहिजे.