मशेरीची डबी

तंबाखूची पाने तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका उठला की उतरवायची आणि चुरून डबीत भरायची. सकाळी उठल्या उठल्या चिमूटभर घेऊन हिरड्यांवर चोळायची. महाराष्ट्रातल्या असंख्य बायका आजही अशा मशेरीने दात घासतात. सुरुवात बहुधा दाढदुखीतून होते. शेजारीण म्हणते, "जरा मशेरी लाव, ठणका थांबेल." ठणका थांबतो, डबी मात्र घरात राहते. पुढे दिवसातून चार वेळा ती उघडते. एखाद्या दिवशी मशेरी मिळाली नाही तर डोके धरते, पोट साफ होत नाही, कामात लक्ष लागत नाही. ही निकोटीनची तलफ आहे. दातांच्या स्वच्छतेशी तिचा काही संबंध नाही.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू वापरायला केंद्र सरकारने १९९२ सालीच बंदी घातली. महाराष्ट्राने २०१२ साली गुटखा बंद केला. पण मंजनाच्या कारखान्याला लागू झालेली बंदी घरच्या तव्याला कशी लागू होणार? सुट्या पानांच्या पुडीवर कर्करोगाचे चित्रही नसते. शिवाय आपला सगळा प्रचार गुटखा खाणाऱ्या आणि विडी ओढणाऱ्या पुरुषांना उद्देशून. मशेरी लावणाऱ्या बाईला तो आपल्यासाठी आहे असे वाटतच नाही. डॉक्टरांनी "तंबाखू खाता का?" असे विचारले, तर ती "नाही" म्हणते आणि ते मनापासून म्हणते.

याची सर्वात मोठी किंमत गरोदर बाई आणि तिचे बाळ मोजतात. गरोदरपणात तंबाखू पोटात गेली की बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा, मृत जन्मण्याचाही धोका वाढतो. मळमळीवर उतारा म्हणून नेमक्या याच दिवसांत मशेरी वाढते, हे आणखी वाईट.

म्हणून गरोदरपणाच्या पहिल्याच तपासणीत "मशेरी लावता का?" असे स्पष्ट विचारले गेले पाहिजे आणि उत्तर कार्डावर नोंदले गेले पाहिजे. "हो" म्हणणारीला रागावून उपयोग नाही. तिची दुखरी दाढ आधी बघायला हवी. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरलेल्या दिवशी दंतवैद्य हवा. आशाताईंच्या पिशवीत लोहाच्या गोळ्यांबरोबर एक ब्रश आणि फ्लोराइडची पेस्ट द्यायला सरकारला फार खर्च येणार नाही. राज्याच्या आरोग्य खात्याने हे याच वर्षी सुरू करावे.