यष्टीमागचा धर्मगुरू

१८९५च्या मे महिन्यात ब्रिस्टलला डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी प्रथम श्रेणीतले शंभरावे शतक पूर्ण केले आणि २८८ धावांपर्यंत मजल मारली. त्या खेळीचे सर्वांत जवळचे साक्षीदार होते सॉमरसेटचे यष्टिरक्षक, रेव्हरंड आर्चडेल विकहॅम. ग्रेस यांची बॅट चुकवून आपल्यापर्यंत आलेले चेंडू बोटांवर मोजण्याइतके होते, अशी त्यांची आठवण.

विकहॅम ऑक्सफर्डकडून खेळले, पुढे मार्टकचे पाद्री झाले. फुलपाखरे आणि पतंगांचेही ते जाणकार होते. १८९९मध्ये टाँटनला सॉमरसेटविरुद्ध हँपशरच्या पूर आणि विनयार्ड या फलंदाजांनी ४११ धावांची भागीदारी केली. हँपशरने ७ बाद ६७२ उभारल्या. त्या संपूर्ण डावात विकहॅम यांनी एकही बाय दिली नाही.

यष्टिरक्षकाची अशी कामगिरी धावफलकावर फक्त शून्य म्हणून उमटते. ते शून्य राखायला तासन्‌तास अढळ लक्ष लागते, तेही संघाची धुलाई होत असताना. खेळावर पोट नसलेल्या माणसाने ही निष्ठा जपली, म्हणून या अंकात त्यांना मानाचे पान. विक्रमवीरांची चरित्रे पुष्कळ आहेत; इमानाने उभे राहणाऱ्यांचीही लिहिली गेली पाहिजेत.

— संपादक