कांद्याचा झोका

कांदा महागला की आपण व्यापाऱ्याला शिव्या घालतो, मातीमोल झाला की सरकारला. दोघे धुतल्या तांदळासारखे आहेत असे मी म्हणत नाही. पण भावाचा झोका केवळ त्यांच्यामुळे हलतो, हे मला पटत नाही.

अमेरिकेतील एमआयटीचे जे फॉरेस्टर यांनी १९५० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतील कारखान्यांचा अभ्यास केला. तेथे कधी जादा पाळ्या चालत, तर काही वर्षांनी निम्मे कामगार घरी बसत. दोष बाजाराला दिला जाई. फॉरेस्टर यांनी कागदावर आकडेमोड करून दाखवले, की मागणी स्थिर असली तरी भरतीचे नियम आणि निर्णयांतला उशीर एवढ्यानेच हा चढउतार होतो. सिस्टिम, म्हणजे परस्परांत गुंतलेली व्यवस्था, स्वतःच हेलकावे खाते.

लासलगावच्या परिसरात वेगळे काय घडते? आजचा भाव पाहून रोप टाकायचे, आणि उन्हाळ कांदा हाती येणार पाचएक महिन्यांनी. तोवर शेजाऱ्यानेही तेच केलेले असते. त्यात दिल्लीचा हात पडतो, तोही उशिराच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, तेव्हा लागवडीचा हंगाम होता. मे २०२४ मध्ये ती उठली, तेव्हा काढणी उरकत आली होती. ज्याच्याकडे कांदाचाळ नाही, त्याला तोवर मिळेल त्या भावाने विकणे भागच होते.